अठराव्या प्रमेयाचं पान

बुधवारी दुपारी मी तीन पुठ्ठे एकमेकांना चिकटवले आणि त्यांवर मास्तरांच्या पुस्तकातली बहात्तर प्रमेयं मांडायला बसलो. पहिलं सगळ्यात खाली, बहात्तरावं सगळ्यात वर. प्रत्येकासाठी एक छोटा गोल, गोलात आकडा. एखाद्या प्रमेयाच्या सिद्धतेत दुसऱ्या प्रमेयाचा आधार घेतला असेल, तर त्या दुसऱ्याकडे एक बाण. काम तसं हमालीचंच होतं. ‘पाहा, प्रमेय अमुक’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे पानाचा आकडा घालायचा आहे, तेव्हा यादी करून पाठवा, असा छापखान्यातून निरोप होता. मला यादी जमत नाही. चित्र जमतं.

सगळे बाण खाली जायला हवे होते. भूमितीच्या पुस्तकात तसंच असतं. चार-पाच गोष्टी न विचारता मान्य करायच्या, म्हणजे गृहीतकं, आणि त्यांवर एकेक प्रमेय रचत जायचं. वरच्याने खालच्यावर पाय ठेवावा. खालच्याने वरच्याला लोंबकळू नये.

चारच्या सुमारास एक बाण वर गेला. अठरापासून सत्ताविसाकडे.

मीच चुकलो असणार, असं वाटलं. मला हे नेहमीच वाटतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मी हस्तलिखित काढलं, पुन्हा वाचलं. अठरावं प्रमेय सांगतं, की दोन रेषांना तिसरी रेषा छेदून गेली आणि तिच्या दोन बाजूंचे व्युत्क्रम कोन सारखे झाले, तर त्या दोन रेषा समांतर. मास्तरांची सिद्धता छोटी आणि देखणी आहे. समजा, त्या समांतर नाहीत. मग त्या कुठेतरी भेटतील, त्रिकोण होईल. त्या दोन कोनांपैकी एक त्रिकोणाच्या बाहेरचा ठरेल, दुसरा आतला. बाहेरचा कोन आतल्या दूरच्या कोनापेक्षा मोठा असतो. पण हे तर सारखे आहेत. म्हणजे रेषा भेटूच शकत नाहीत. झालं.

आता, बाहेरचा कोन मोठा का? तर सत्ताविसावरून, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन म्हणून. सत्तावीस कशावरून? एकोणिसावरून. आणि एकोणीस? अठरावरून.

मी पेन्सिलीने तो फेरा गिरवला. अठरा, सत्तावीस, एकोणीस, अठरा. तिघांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले होते आणि जमिनीवर पाय कुणाचाच नव्हता. अंधार पडेपर्यंत उरलेले बाण काढले. ते सगळे निमूट खाली गेले. मग तीनदा तपासले. चूक ती एवढीच.

मी आयुष्यभर शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढल्या. त्रिकोण, बेडकाचं हृदय, पानाचा आडवा छेद, नद्या. एकाही पुस्तकात माझं नाव नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं असंही नाही. नाव असतं तर चुकांचा जाबही मलाच विचारला असता. निवृत्त झालो तेव्हापासून एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतो. खोलीत दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर पुस्तकं रचलेली आहेत, आणि ती रिकामी करण्याची वेळ अजून आलेली नाही.

मास्तरांशी गाठ सहा वर्षांपूर्वी पडली. त्यांची नजर गेली होती; कडेचं दिसायचं, पण बघावं तिथे नेमका डाग. शाळेतून बाहेर पडल्यावर त्यांना एकच गोष्ट करायची होती, घरी बसून एकट्याने शिकणाऱ्यासाठी भूमितीचं पुस्तक. प्रकाशकाला त्यांनी विचारलं होतं, “सरळ रेघ काढणारा आणि कमी बोलणारा माणूस आहे का कुणी?” प्रकाशकाला दुसरं नाव सुचायचं कारण नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी चार ते सहा मी त्यांच्या लेकीच्या घरी जायचो. ते सांगायचे, मी लिहायचो, घरी येऊन आकृत्या काढायचो. सगळं हस्तलिखित माझ्या अक्षरात आहे. मला ते रेघोबा म्हणत. दुसऱ्याच वर्षी मी एकदा चाचरत म्हणालो होतो की, ‘म्हणून’च्या जागी ‘यावरून’ बरं वाटेल का? त्यावर ते म्हणाले, “शब्द माझे, रेघा तुमच्या. हद्दी ठरलेल्या बऱ्या असतात, रेघोबा.” पुढचे दोन गुरुवार त्यांनी मजकुराव्यतिरिक्त एक शब्द काढला नव्हता. ते दोन आठवडे मला अजून आठवतात.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहवून घेतलंय: ‘पुढे जे सिद्ध होणार आहे, त्याचा आधार या पुस्तकात आधी कुठेही घेतलेला नाही. वाचकाने माझ्यावर विश्वास ठेवू नये, तपासून पाहावं.’

पुस्तक सोमवारी छापायला जाणार होतं. आणि मास्तर म्हणाले होते, की ते एकदा हातावेगळं झालं की त्यानंतरच्या गुरुवारपासून दुसऱ्या भागाला, वर्तुळांना, हात घालू. वर्तुळं म्हणजे आणखी पाच वर्षं तरी. मी मनातल्या मनात तसा हिशोब करून ठेवला होता. चूक सांगितली तर ती पाच वर्षं जातील, अशी माझी भीती होती. नाही सांगितली तर पहिल्या पानावरचं वाक्य खोटं, आणि ते मला एकट्याला माहीत.

गुरुवारी गेलो तो सांगायचं ठरवूनच. दार लेकीने उघडलं.

“या काका. आमचं घड्याळ तुमच्यावरून लावायला हवं. चारला एक मिनिट कमी.”

मास्तर टेबलाशी बसलेच होते. मी खुर्ची ओढली.

“काय झालं, रेघोबा? चेहरा उतरलाय.”

“तुम्हाला दिसला?”

“छे. ऐकू आला. खुर्ची ओढताना तुम्ही एकदा खोकता. आज दोनदा खोकलात.”

“बाबा, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं,” लेक आतून म्हणाली.

“गेलो असतो. पण तिथे पुरावा लागत नाही म्हणे.”

मी हसलो. मग म्हणालो, “मास्तर, ते अठरावं प्रमेय आहे ना—”

“अहाहा!” त्यांनी टेबलावर हात मारला. “काय उतरलंय ते! एवढी वर्षं वर्गात शिकवलं, पण असं कधी जमलं नव्हतं. पाच ओळी. आठवतं, त्या पाच ओळींसाठी तीन महिने घेतले आपण? तुम्ही कंटाळला होतात, खरं सांगा.”

“नाही हो.”

“कंटाळला होतात. हू की चू केलं नाहीत, तोच तर गुण आहे तुमचा. बरं, काय म्हणत होतात अठराचं?”

त्यांचा चेहरा माझ्या डाव्या खांद्याकडे वळला होता; तसं बघितलं की मी त्यांना थोडासा दिसत असे. मी म्हणालो, “आकृतीतली एक रेघ जरा जाड झालीय. पुन्हा काढू का?”

“मला काय विचारता? रेघा तुमच्या.”

सहा वाजता मी घरी आलो. स्वतःची इतकी लाज मला पूर्वीही वाटली आहे, पण इतक्या नेमक्या कारणासाठी कधी नाही.

शुक्रवार सकाळपासून मी एकाच गोष्टीमागे लागलो. बाहेरचा कोन आतल्या दूरच्या कोनापेक्षा मोठा, हे तिन्ही कोनांची बेरीज न वापरता, समांतर रेषांचं नावही न घेता दाखवता येईल का? आलं तर फेरा तुटतो. मला शाळेत गणितात जेमतेम पासापुरते मार्क होते. मी हे का करत होतो, कोण जाणे. पंधरा-वीस कागद वाया घालवले. कुठेही रेघ जोडली की ती शेवटी समांतर निघायची आणि मी पुन्हा अठराच्या दारात.

दुपारी कंटाळून आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली. त्रिकोण अबक, आणि बक ही बाजू पुढे वाढवून ड पर्यंत नेलेली. आमच्या कामात एक सवय असते. एखादा आकार उलटा करून पुन्हा काढायचा असला, की ट्रेसिंग पेपरला टाचणी टोचायची आणि कागद तिच्याभोवती अर्धा फिरवायचा. हाताला चाळा म्हणून मी अक या बाजूच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचली आणि कागद फिरवला.

अ जाऊन क वर बसला. आणि अ चा आतला कोन जाऊन बाहेरच्या कोनात बसला. पूर्ण आत. वर जागाही उरली.

मी कितीतरी वेळ टाचणी धरून बसलो होतो. मग ते शब्दांत लिहून पाहिलं. अक चा मध्यबिंदू म घ्या. ब पासून म पर्यंत रेघ काढा आणि तेवढीच पुढे न पर्यंत वाढवा. न आणि क जोडा. म च्या दोन्ही अंगांना दोन त्रिकोण झाले. त्यांच्या दोन-दोन बाजू सारख्या, मधला कोन समोरासमोरचा म्हणून सारखा. तेव्हा त्रिकोण एकरूप. तेव्हा अ चा कोन आणि क पाशी झालेला नवा कोन सारखे. आणि हा नवा कोन बाहेरच्या कोनाचा नुसता एक भाग आहे. भाग पूर्णापेक्षा लहान. एवढंच. प्रमेय चार आणि प्रमेय नऊ. दोन्ही अठराच्या कितीतरी खाली.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. जिना उतरून चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार काच पुसत होता.

“काय काका, नंबर वाढला?”

“नाही. सहज आलो.”

“बसा ना.”

मी बसलो. त्याने काच पुसून ठेवली, दुसरी घेतली. थोड्या वेळाने मी वर आलो.

आणि मग तो विचार आला. हस्तलिखित सगळं माझ्या अक्षरात. मास्तरांना वाचता येत नाही. लेक छापून आलेलं पुस्तक हातात धरेल, चाळेल, कपाटात ठेवेल. मी अठराव्या प्रमेयाचं पान बदललं तर पुस्तक खरं होईल, मास्तर सुखात राहतील आणि गुरुवारी आम्ही वर्तुळांना सुरुवात करू. कुणाचंच नुकसान नाही. इतक्या सरळ गोष्टीत कुठेतरी खोट असणार हे मला कळत होतं, पण ती दाखवता येत नव्हती.

शनिवारी पान लिहिलं. मास्तरांच्या थाटात. ते जसं मधेच ‘आता वाचका, घाई करू नकोस’ म्हणतात, तसंही एके ठिकाणी घातलं. ते लिहिताना हात थांबला होता, हे कबूल करतो. मग छापखान्यात गेलो.

“अहो, आता?” छापखान्याच्या मालकाने कपाळाला हात लावला. “सोमवारी पानं मशिनवर चढायची. लेखक लोक बाळंत होईपर्यंत नावं बदलत बसतात, तुम्हीही त्यातलेच? मास्तरांना माहितीय ना?”

मी काही बोललो नाही.

“अक्षर तर तेच आहे,” तो स्वतःशीच म्हणाला आणि पान ठेवून घेतलं.

मी गप्प बसलो की लोक त्याला होकार समजतात. नेहमी तो माझा नाइलाज असतो. त्या दिवशी मी त्याचा उपयोग करून घेतला.

रविवारी सकाळी दहा वाजता मी मास्तरांच्या दाराशी उभा होतो. ठरवून गेलो नव्हतो. चपला घातल्या आणि पाय तिकडे वळले. सहा वर्षांत गुरुवार सोडून दुसऱ्या वारी मी त्या घरी गेलो नव्हतो.

आतून हसण्याचा एवढा मोठा आवाज येत होता की वाटलं, घर चुकलं. दार उघडंच होतं. सात-आठ माणसं जमिनीवर पत्ते खेळत होती आणि त्यांच्या मधोमध मास्तर, पानं नाकाशी धरलेली, आणि लेक त्यांच्या कानात काहीतरी सांगतेय.

“ही फसवणूक आहे!” जावई ओरडला. “दोन डोक्यांनी एक डाव!”

“अरे, एक डोकं आंधळं आहे. धर पाऊणच,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा हशा.

मी परत फिरणार होतो. लेकीने पाहिलं. “अगंबाई, काका! आज गुरुवार आहे की काय?”

“कोण, रेघोबा?” मास्तरांनी पानं खाली ठेवली. “या, या. पत्ते येतात?”

“नाही. जरा बोलायचं होतं. दोन मिनिटं.”

आम्ही आतल्या खोलीत बसलो. मी दार लोटलं. मी म्हणालो, “मास्तर, अठरावं कशावर उभं आहे?”

“परीक्षा घेताय माझी?”

“कशावर उभं आहे?”

माझा आवाज कसा आला असेल, कोण जाणे. ते सरळ बसले. “बाह्यकोनावर.”

“बाह्यकोन?”

“सत्तावीस.”

“आणि सत्तावीस?”

“एकोणीस. एकोणीस, म्हणजे...” ते थांबले. बाहेर कुणीतरी पत्ते पिसत होतं. मास्तरांची बोटं मांडीवर एकेक उचलली गेली, मिटली, पुन्हा उचलली. “अठरा,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, “अठरा.”

“हो,” मी म्हणालो.

“कधी कळलं?”

“बुधवारी.”

“गुरुवारी तुम्ही इथे होतात.”

“हो.”

“रेघ जाड झालीय म्हणालात.”

“हो.”

मग मी टाचणीचं सांगितलं. मध्यबिंदू, दोन त्रिकोण, भाग आणि पूर्ण. त्यांनी खिडकीकडे तोंड करून ऐकलं, मधे एकदा “समोरासमोरचा कोन?” म्हणाले, मी “प्रमेय चार” म्हणालो, आणि त्यांनी मान हलवली. सगळं झाल्यावर म्हणाले, “बरोबर आहे.” वर्गात मागच्या बाकावरून कधी न अपेक्षिलेलं उत्तर आलं की म्हणतात, तसं.

“आणि ते मी छापखान्यात दिलंय,” मी म्हणालो. “काल. तुम्ही सांगितल्यासारखं लिहून.”

हे ऐकल्यावर मात्र ते वळले. “माझ्यासारखं लिहून?”

“हो.”

“चूक मला आधी का नाही सांगितलीत?”

रस्त्यात मी तीन-चार उत्तरं तयार केली होती. ती बाजूला ठेवली. “गुरुवार जातील म्हणून,” मी म्हणालो.

“अहो, गुरुवारचं काय एवढं—” ते म्हणाले, आणि बाहेर डाव संपला. सगळे एकदम ओरडले, कुणीतरी टाळी दिली, कुणीतरी “आजोबा, चला!” म्हणून हाक मारली. मास्तरांनी वाक्य पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. त्या घरात आठवड्याला सात दिवस होते, हे मला तेव्हा कळलं.

“पान राहू द्या,” ते शेवटी म्हणाले. “पण माझ्या थाटात लिहिलेलं सगळं काढा. तुमच्या भाषेत लिहा. आणि खाली तुमचं नाव घाला.”

“नाव नको, मास्तर.”

“का?”

“सवय नाही.”

“मला दुसऱ्याचं माझ्या नावावर खपवायची सवय नाही.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “वाचकाला मी सांगतो, तपासून पाहा. त्याने तपासलं आणि विचारलं, हे कुणाचं, तर काय सांगू? नाव नसेल तर पान परत घ्या आणि चूक आहे तशी छापा. निदान चूक तरी माझी असेल.”

मी उठलो. ते उठले नाहीत. बाहेर लेक म्हणाली, “चहा?” मी नको म्हटलं. मी जिना उतरत असताना पत्ते पुन्हा वाटल्याचा आवाज आला. मास्तर त्या डावात होते की नाही, ते मला माहीत नाही.

रविवारची संध्याकाळ पान पुन्हा लिहिण्यात गेली. ‘घाई करू नकोस’ काढलं. माझ्या भाषेत लिहायचं म्हणजे काय, हेच आधी कळेना. शेवटी जे उरलं ते फार छोटं होतं, आणि कोरडं. सोमवारी मशिन सुरू व्हायच्या आत ते नेऊन दिलं.

“खाली नाव काय घालू?” मालक म्हणाला. “रेघोबा एवढंच?”

“नाही.” मी नाव सांगितलं.

“काय म्हणालात?”

पुन्हा सांगितलं. कितीतरी महिन्यांत ते मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. दुसऱ्यांदाही नीट आलं नाही. त्याने कागदावर लिहून दाखवलं, बरोबर का म्हणून. मी हो म्हटलं.

गुरुवारी जावं की नाही, हे दुपारी साडेतीनपर्यंत ठरलं नव्हतं. चारला एक मिनिट असताना दार वाजवलं. लेकीने उघडलं, घड्याळाचं काही बोलली नाही.

“बाबा जरा पडलेत, काका. बसा ना.”

टेबल पुसलेलं होतं. मी माझ्या खुर्चीवर बसलो, वही काढली, बंद ठेवली. चहा आला. आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. कुणी झोपलेलं असलं की श्वास कसा असतो, हे एकट्या माणसालाही कळतं. आतला माणूस झोपलेला नव्हता.

पाच वाजले. लेक येऊन हळू आवाजात म्हणाली, “जागे आहेत ते. मी सांगितलं तुम्ही आलाय म्हणून. पण...”

“असू दे.”

ती कप घेऊन गेली. सहाला दहा मिनिटं होती तेव्हा मी वही पिशवीत टाकली. उठताना खुर्ची वाजली.

“बाकीची एकाहत्तर?” आतून आवाज आला.

मी उभा राहिलो. “पाहिली, मास्तर. ठीक आहेत.”

“कितीदा?”

“तीनदा.”

खाट करकरली. ते बाहेर येतील असं वाटलं. ते कूस बदलत होते.

“चौथ्यांदा पाहा,” ते म्हणाले.

मी घरी आलो आणि तीन दिवस लावून चौथ्यांदा पाहिलं. पहिल्यापासून बहात्तरपर्यंत, एकेक ओळ, बोट ठेवून. काही निघालं नाही. पुढच्या गुरुवारी एवढंच सांगायला गेलो.